गायरानातला तरवड काढून झाडं लावणार म्हणतायत, ग्रामसभेत काय बोलावं?

मुरमाड
मंडळी, जरा घाईचं आहे म्हणून वेगळा धागा काढतोय. गाव खटाव तालुक्याच्या पूर्व अंगाला, नाव नको. गावाच्या वरच्या बाजूला गायरान आहे, सगळा मुरूम, मधे मधे खडक उघडा पडलेला, आणि त्या अख्ख्या माळावर तरवड. आत्ता भाद्रपद संपत आलाय तर नुसता पिवळाधमक झालाय, फोटो खाली टाकलेत. तर आता ठरलंय असं की गायरान 'विकसित' करायचं. जेसीबी लावून आधी झुडपं साफ, मग चर मारायचे आणि त्यात ग्लिरिसिडिया, गुलमोहर, जमलं तर सुरूची झाडं. निधी आलाय, मुंबईकर मंडळींनी वर्गणी दिलीय, पोरं रात्री बसून नकाशे काढतायत. कुणाचाही हेतू वाईट नाही आणि माझी अडचण तीच आहे, चांगल्या कामात खोडा घालणारा म्हणून एकदा शिक्का बसला की पुढं दहा वर्षं कुणी ऐकून घेत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाणी अडवा, झाडं पण लावा, पण ज्या माळावर तरवड आणि गवत स्वतःहून उभं आहे तो माळ उकरू नका. परवा पारावर हे बोललो तर एकानं सरळ विचारलं, "तरवडाचा उपयोग काय?" आणि खरं सांगतो मला चार वाक्यं नीट बोलता आली नाहीत. २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. मुद्दे द्या. भावनिक नकोत, पारावर टिकतील असे द्या.

कास_फॅन
फोटो भारी आलेत! पण ही सोनकीच ना? आम्ही कासला गेलेलो तेव्हा अशीच पिवळी चादर होती.

मुरमाड
@कास_फॅन नाही ओ. सोनकी म्हणजे पावसाळ्यापुरतं गुडघ्याखालचं रोप, फूल छोट्या शेवंतीसारखं. तरवड झुडूप आहे, कमरेपासून डोक्याएवढा होतो, बुडाला लाकूड, वर्षानुवर्षं जागेवर. सातारा म्हटलं की लोकांना कास आणि महाबळेश्वर सोडून जिल्हा संपतो असं वाटतं, एकदा पुसेगाव ओलांडून दहिवडी-म्हसवडच्या रस्त्याला लागा, दोन्ही बाजूंना हाच दिसेल.

जतकरीण
अगं बाई, तरवड! आमच्या जतकडं घटाला माळ घालायची ती तरवडाच्याच फुलांची. नवरात्रात सकाळी सकाळी पोरी टोपली घेऊन माळावर जायच्या, उशीर झाला की रस्त्याकडेची फुलं दुसऱ्याच कुणीतरी नेलेली असायची मग आत आत जावं लागायचं. झेंडू तेव्हा विकत आणायची गोष्ट होती आणि तरवड फुकट, घरात पैसा नसला तरी देवीची माळ चुकायची नाही. आता इथं सांगलीत मंडईत घटाची माळ शोधली तर झेंडू आणि शेवंती, तरवड क्वचित एखादी म्हातारी घेऊन बसते. मुरमाडदादा, तुमच्या गावात पण घट बसत असतील ना घरोघरी? बायकांना विचारा की माळेला फुलं कुठून आणता. तुमचा पहिला मुद्दा तिथंच मिळेल आणि तो पारावरचे पुरुष नाही खोडू शकणार.

मुरमाड
@जतकरीण ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडंही तरवडाचीच माळ असते पहिल्या दिवसापासून. आणि ग्रामसभा अगदी त्याच दिवसांच्या आगेमागे.

पानफूल
मी सांगलीत वनस्पतिशास्त्र शिकवते. थोडं लांब लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

तरवड म्हणजे सेन्ना ऑरिक्युलाटा, जुन्या पुस्तकांत कॅशिया ऑरिक्युलाटा सापडेल. बहावा, टाकळा, कासविंदा यांच्या गोतावळ्यातला. ओळखायला फुलाची वाट बघायची गरज नाही. पानाच्या देठाच्या बुडाशी बघा, दोन बाजूंना दोन हिरवी गोलसर उपपर्णं असतात, नखाएवढी किंवा त्याहून मोठी, खोडाला कान फुटल्यागत दिसतात. आणि पानावर पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, प्रत्येक जोडीच्या मधे एक बारीक उभी ग्रंथी असते, भिंग नसलं तरी दिसते. पर्णिकांच्या जोड्या साधारण ८ ते १२. टाकळ्याला तीनच जोड्या असतात आणि तो पावसाळा संपला की वाळून जातो, म्हणून दोघांत गोंधळ व्हायचं कारण नाही. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, वाळली की तपकिरी, आत एकेक बी वेगळं दिसतं.

आता घर. हा भारतातल्या मध्य आणि दक्षिण भागातल्या कोरड्या पट्ट्याचा रहिवासी, शिवाय श्रीलंका आणि म्यानमार. सातारा जिल्हा यासाठी फार मजेशीर आहे, पश्चिम टोकाला महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर पूर्वेला माण-खटावात ५०० च्या आसपास. ढग घाटावरच मोकळे होतात आणि पुढं जे उरतं त्यावर माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत हा सगळा पट्टा जगतो. एवढ्या पावसात, एवढ्याशा मातीत दाट जंगल होत नसतं. होतं ते गवत, त्यात विखुरलेली झुडपं, आणि लांब लांब एखादं हिवर, बोर, ओढ्याकाठी बाभूळ. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं, आणि झुडपांत तरवड, हेकळ, नेपती. हे 'उजाड' झालेलं जंगल आहे असं बरेच जण धरून चालतात आणि म्हणून झाडं लावून ते 'परत आणायला' निघतात, पण दख्खनची गवताळ माळरानं ही मुळातच तशी आहेत आणि फार जुनी आहेत. सरकारी नकाशात मात्र झुडपाळ जमीन 'पडीक' याच खात्यात जाते, आणि एकदा पडीक म्हटलं की तिथं काहीही केलं तरी ती सुधारणाच ठरते, मग ते सोलर असो, क्रशर असो की वृक्षारोपण.

तरवडाला ऊन लागतं, भरपूर. वर दाट सावली धरली की तो खुरटतो, फुलं कमी होतात आणि हळूहळू जातो. त्याच्याबरोबर गवत जातं. म्हणजे जेसीबीनं काढला नाही तरी ग्लिरिसिडियाचं दाट रान उभं केलंत तर परिणाम तोच, फक्त थोडा उशिरा.

आटपाडी_डाळिंब
मॅडम तुमचं सगळं बरोबर असेल पण एक सांगू का, माळाचं कौतुक माळावर न राहणाऱ्याला जास्त असतं. आमच्या आज्यानं त्या माळावर काय दिवस काढले ते आम्ही ऐकलंय. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं, माळ फोडला, खडक फोडला, बाहेरनं माती आणून टाकली आणि डाळिंब लावली तेव्हा कुठं घराला स्लॅब पडला. तरवड तिथं होताच की शेकडो वर्षं, त्यानं कुणाचं पोट भरलं? पाणी आलेल्या गावाला तरवड बघायला वेळ नसतो हे कडू आहे पण खरं आहे.

पानफूल
@आटपाडी_डाळिंब तुमच्या रानात तुम्ही काय लावायचं हे मी कोण सांगणार, आणि टेंभू, म्हैसाळ, ताकारीच्या पाण्यानं काय फरक पडला ते रोज बघते. पण इथं प्रश्न गायरानाचा आहे. तिथं कुणाची डाळिंब येणार नाही. ते गुराढोरांसाठी राखलेलं आहे, आणि गवत काढून ग्लिरिसिडिया लावला तर गुरं खाणार काय? जनावर त्याला सहज तोंड लावत नाही, गावाकडं लोक त्याला उंदीरमारी म्हणतात ते उगाच नाही.

आटपाडी_डाळिंब
हां, गायरान म्हणत असाल तर वेगळं. आणि आता विषय निघालाय तर सांगतो, माझ्या बांधावरचा तरवड मी पण काढलेला नाही. बांध धरून ठेवतो, शेळी तोंड लावत नाही, पाण्याचा थेंब मागत नाही, छाटला तर परत फुटतो. शेजाऱ्यानं काढला आणि त्याचा बांध पहिल्या वळवालाच माझ्या रानात आला.

मेंढरामागं
म्हंजे बघा सगळी पोस्ट वाचली, आता आमचं बी ऐका. आमी मेंढरं घेऊन दिवाळीनंतर भाईर पडतो ते पावसाच्या तोंडाला माघारी. तरवाडाला मेंढरू बी खात न्हाई आन शेरडू बी न्हाई, कवळा पाला एखादं कुरतडंल लईच उपाशी असंल तर. पन त्याचाच फायदा हाय की. तरवाडाच्या बुडात जे गवात उगवतंय ना त्याला जनावराचं तोंड पोचत न्हाई, फांद्या आडव्या येत्यात. त्यामुळं सगळा माळ चरून साफ झाला तरी बुडातलं गवात बियाला येतंय आन पुढल्या पावसाला तितनंच माळ परत हिरवा व्हतो. ज्या माळावरनं तरवाड काढला तितं दोन तीन वर्सात गवात संपतंय, मग नुसती धूळ. आमच्या म्हाताऱ्यांनी कदी तरवाड तोडू दिला न्हाई. सरपणाला बी वाळकाच घ्यायचा.

आन त्या चरांचं सांगतो, उताराला मारा की. सपाट माळावर चर मारून काय अडवायचं, तितं पानी पळतंय कुटं? खालचा मुरूम वर आला की पयलं येतंय ते गाजरगवात.

मुरमाड
@मेंढरामागं भाऊ, हे मी जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे सभेत. तुमची परवानगी आहे असं धरतो.

मेंढरामागं
वाचा की. नाव मातर घालू नका, त्या बाजूनं आमाला जायाचं असतंय.

साखर_कमी
तरवडाच्या फुलांचा चहा शुगरवर रामबाण आहे हे कुणीच लिहिलं नाही अजून. आमच्या ओळखीत एकांच्या गोळ्या बंद झाल्या. हाच मुद्दा मांडा, लोक लगेच ऐकतील.

पानफूल
@साखर_कमी हा मुद्दा कृपा करून मांडू नका. तमिळनाडूकडच्या सिद्ध वैद्यकात तरवड आहे, श्रीलंकेत वाळलेल्या फुलांचा काढा चहासारखा पितात हेही खरं, पण म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायच्या नसतात. आणि दुसरी भीती वेगळीच आहे, एकदा 'शुगरवर औषध' म्हणून बोभाटा झाला की लोक पोती घेऊन येतात आणि फुलं, साल, मूळ, सगळंच जातं. एखादं झुडूप वाचवायला ते औषधी असलंच पाहिजे असं काही आहे का?

भुंगा_आणि_कॅमेरा
फुलाबद्दल कुणीतरी लिहा म्हणून वाट बघत होतो, शेवटी मीच लिहितो. मी साताऱ्यात असतो, सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन पूर्वेकडं सुटतो, लोक पश्चिमेला जातात म्हणून इकडं गर्दी नसते.

तरवडाचं फूल जवळून बघा. पाच पाकळ्या, कडा किंचित चुरगळलेल्या, पिवळ्यावर नारिंगी शिरा. मधे दहा पुंकेसर पण सगळे सारखे नाहीत, वरचे तीन नावापुरते, त्यात काही नसतं. मधले आखूड, आणि खालचे लांब, वाकलेले. स्त्रीकेसर कुठल्या फुलात डावीकडं वळलेला तर कुठल्या फुलात उजवीकडं, एकाच फांदीवर दोन्ही सापडतात. आता यात मध नाही. अजिबात. म्हणजे जो कीटक येतो तो फक्त परागांसाठी. आणि पराग पण असे उघड्यावर ठेवलेले नाहीत, परागकोशाच्या टोकाला बारीकसं भोक असतं, तेवढ्यातूनच बाहेर पडतात. मधमाशी त्यावर नुसती फिरून जाते, हाताला फारसं काही लागत नाही.

मग येतो आपला काळा भुंगा, तोच तो लाकूड पोखरणारा, अंगावर निळी झाक. तो येऊन फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता आतले उडायचे स्नायू जोरात थरथरवतो. आवाज बदलतो बघा, उडताना जाड घूंऽऽ असतो तो फुलावर बसला की एकदम बारीक, चिरका होतो, डोळे मिटून ऐकलं तरी कळतं की आता काम चालू आहे. त्या थरथरीनं मधल्या आखूड पुंकेसरांतून पराग भुरुभुरु पडतात, ते भुंगा खायला गोळा करतो. त्याच वेळी खालचे लांब पुंकेसर त्याच्या अंगावर बाजूला, जिथं त्याचा पाय पोचत नाही तिथं, पराग लावून देतात. पुढच्या फुलात केसर बरोबर त्या बाजूला वळलेला असला की काम फत्ते. म्हणजे भुंग्याला पोटापुरतं दिलं आणि वाहतुकीचं काम करून घेतलं.

हेच भुंगे थरथरवून वांगी-टोमॅटोच्या फुलांचं पण काम करतात, त्यांचेही परागकोश टोकाला भोकाचेच. तर @आटपाडी_डाळिंब आणि बाकी शेतकरी मंडळी, ज्यांच्या रानात वांगी टोमॅटो आहेत त्यांनी बांधावरच्या तरवडाकडं जरा त्या नजरेनं बघा. माळ फुललेला असतो तोवर भुंगा तिथं टिकून राहतो, घरटं करायला वाळकं लाकूड मिळालं की झालं.

दुसरं, फुलपाखरं. कॉमन एमिग्रंट, मॉटल्ड एमिग्रंट, कॉमन ग्रास यलो, ही सगळी टाकळा-तरवडाच्या कुळावर अंडी घालतात. अळी हिरवी, पानाच्या मधल्या शिरेवर सरळ रेषेत पडून राहते, दोन बोटांवर असली तरी दिसत नाही. पाऊस झाल्यावर पांढरट-पिवळ्या फुलपाखरांचे थवे माळावरून जाताना बघितलेत ना? त्यांचं लहानपण असल्याच झुडपांवर जातं.

आणि 'पडीक' वरून आठवलं. चाळकेवाडीचं पठार, पवनचक्क्यांचं, तिथून २०१६ साली सरड्याची नवीन जात जगापुढं आली, सरडा सुपर्बा. नर गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवून दगडावर बसतो. उघडी, दगडाळ, कमी झाडांची जागा लागते त्याला. तीही जागा नकाशावर कामाची नसणारच. तुमच्या गायरानात कोण कोण आहे ते कुणी बघितलंय का? चंडोल, धाविक, खोकड, काहीतरी असेलच.

मुरमाड
@भुंगा_आणि_कॅमेरा टिटव्या आणि चंडोल भरपूर. खोकडाचं बीळ आहे, नेमकं कुठं ते इथं लिहीत नाही. धाविक मी ओळखत नाही, या एकदा, जेवण माझ्याकडं.

कास_फॅन
भुंग्याचं वाचून मजा आली. पण एक शंका, सागरेश्वरचं अभयारण्य पण झाडं लावूनच झालं ना? मग वृक्षारोपण सरसकट वाईट कसं?

पानफूल
@कास_फॅन सरसकट वाईट कोण म्हणतंय. सागरेश्वरला धों. म. मोहित्यांनी जे उभं केलं त्याला तोड नाही, जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, १९८५ ला दर्जा मिळाला आणि आज तिथं हरणं आहेत. पण तिथं डोंगर बोडके झाले होते, उतारावरची माती वाहून चालली होती. मुरमाडच्या फोटोत बघा, जमीन झाकलेली आहे. झुडूप आहे, गवत आहे, त्यात जीव आहेत. झाकलेली जमीन आधी उघडी करायची आणि मग झाकायला पैसे खर्च करायचे, हा हिशेब मला कळत नाही.

आणि कुणीतरी म्हणेल की ग्लिरिसिडिया नत्र देतो, तरवडही शेंगवाला आहे म्हणजे तोही देत असेल. तर या सेन्ना मंडळींच्या मुळांवर नत्राच्या गाठी सहसा नसतात. पाला मात्र हिरवळीच्या खताला पूर्वीपासून वापरतात, भातशेतीतही. सभेत 'तरवड हवेतला नत्र जमिनीत घालतो' असं ठोकून देऊ नका, एखादा कृषी पदवीधर असेल तर तिथंच अडवेल.

अंगठा_चप्पल
पहिल्यांदाच लिहितोय. आमचं घराणं कातडी कमवणारं, आता कुणी करत नाही, मी मिरजेत नोकरी करतो. तरवडाचा उपयोग काय म्हणणाऱ्याला पहिलं पायात बघायला सांगा.

कातडं कमवायला साल लागते, आमच्याकडं बाभळीची साल, हिरडा आणि तरवडाची साल. सालीत टॅनिन असतं ते कातड्यात मुरलं की कातडं कुजत नाही. आजोबा सांगायचे बाभळीनं कातडं जरा लालसर आणि कडक येतं, तरवडानं रंग उजळ येतो आणि हाताला मऊ लागतं, म्हणून मोटेसाठी, म्हणजे विहिरीतनं पाणी ओढायच्या कातडी पिशवीसाठी, वेगळं आणि वरच्या पट्ट्यांसाठी वेगळं. साल वाळवून, कुटून, हौदात पाण्यात घालायची आणि कातडं त्यात दिवसच्या दिवस, मधनं मधनं उलटंपालटं करत. कधी कधी कातड्याचीच पिशवी शिवायची, आत साल आणि पाणी भरून टांगून ठेवायची, पाणी पाझरत पाझरत कातडं आपोआप कमवलं जायचं. वास मात्र असा की घरात पाव्हणा टिकायचा नाही, आणि त्या वासापायी गावानं आम्हाला कुठं ठेवलं ते इथं लिहायची गरज नाही, सगळ्यांना माहीत आहे.

दक्षिणेत मद्रासकडं तर कातड्याचा मोठा धंदाच या सालीवर चालायचा. नंतर आफ्रिकेतनं वॅटल नावाच्या झाडाची साल आली, मग क्रोमचं रसायन आलं, तरवड मागं पडला. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्यात कोल्हापूर, सोलापूर यांच्याबरोबर सांगली आणि सातारा पण आहेत, आणि कर्नाटकातले चार जिल्हे. म्हणजे साताऱ्याच्या माणसानं तरवडाचा उपयोग काय म्हणून विचारावं हे जरा गंमतीचंच.

जतकरीण
@अंगठा_चप्पल दादा, लिहीत जा हो इथं. हे कुठं वाचायला मिळत नाही.

आटपाडी_डाळिंब
खरंच. मोट म्हणजे काय हेच आता पोरांना सांगावं लागतं, ती कशानं टिकायची ते तर लांबच राहिलं.

गावगाडा
सगळं वाचलं. आता कामाचं बोलू, कारण ग्रामसभेत भुंग्याच्या आवाजावर ठराव होत नसतो.

जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही पण. बहुतेक गावांत दोन्ही कागदावर असतात. ग्रामसेवकांकडं नोंदवही मागा, शांतपणे, भांडणाच्या सुरात नको. गायरानाच्या पानावर काय लिहिलंय बघा. तरवड, गवतं, खोकड, चंडोल यांची नोंद नसेल तर ती करून घ्यायची मागणी पहिली ठेवा. त्याला कुणी नाही म्हणणार नाही कारण त्यात कुणाचा पैसा थांबत नाही. एकदा नोंद झाली की पुढच्या वेळी 'तिथं काही नाही' हे वाक्य कुणाला म्हणता येत नाही.

दुसरं, विरोध करायला उभे राहू नका, दुरुस्ती सुचवायला उभे राहा. अंदाजपत्रकात 'झुडपे काढून जमीन साफ करणे' अशी एक ओळ नक्की असणार, जेसीबीचे तास त्यातच असतात. तेवढी ओळ काढा म्हणा. तो पैसा ओढ्याकाठच्या रोपांना पाणी घालायला आणि कुंपणाला वळवा म्हणा. मुंबईकरांना फोटोला झाडं हवीत ना, तर ओढा, पाझर तलावाची खालची बाजू, स्मशानभूमी, शाळेची कडा, रस्ता, एवढ्या जागा आहेत, तिथं माती पण आहे. आणि झाडं पण मग वड, कडुनिंब, करंज, बाभूळ, हिवर अशी सांगा, सुरू त्या माळावर जगणार पण नाही.

तिसरं, माळेचा मुद्दा तुम्ही मांडू नका. बचत गटातल्या एखाद्या बाईला मांडू दे.

मुरमाड
@गावगाडा काका, मानलं. आईला सांगतो, ती गटात आहे आणि तिला बोलायला उठवावं लागत नाही.

घरापुढं_बाग
मला वेगळंच विचारायचंय. सांगलीत घरापुढं लावता येईल का तरवड? नर्सरीत विचारलं तर त्यांनी दुसरंच पिवळ्या फुलांचं काहीतरी दाखवलं, म्हणे तेच आहे.

पानफूल
@घरापुढं_बाग शोभेचे दोन-तीन परदेशी सेन्ना नर्सरीत असतात, त्यातलंच काहीतरी असेल. बी लावा, सोपं आहे. शेंगा झाडावरच तपकिरी होऊन वाळू द्या, मग गोळा करा. बियाचं कवच टणक असतं, तसंच पेरलं तर काही यंदा उगवतात काही पुढच्या वर्षी. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवा, किंवा एका कडेला पॉलिश पेपरवर जरा घासा. पहिल्या पावसाच्या तोंडाला थेट जागेवर पेरा, कारण मूळ सरळ खोल जातं आणि पिशवीतून काढताना दुखावलं की रोप रुसतं. जागा कडक उन्हाची. पाणी साचणाऱ्या काळ्या मातीत लावणार असाल तर मुरूम घालून उंचवटा करा. आणि रोज पाणी घालू नका, सांगलीकरांना ही सवय सोडणं जड जातं.

घरापुढं_बाग
कृष्णाकाठचे आम्ही, पाणी घातल्याशिवाय करमत नाही :) बघते जमतंय का.

मुरमाड
सभा झाली. उशिरा लिहितोय कारण त्यानंतर दोन दिवस घरी पाव्हणे.

नोंदवहीचा ठराव एका मिनिटात झाला, काकांनी सांगितलं तसंच. नोंदवहीत गायरानाच्या पानावर 'काटेरी झुडपे व दगड' एवढंच होतं, तरवडाला तर काटा पण नाही. मग आई उठली. तिनं माळेवरनं सुरुवात केली आणि तिथनं शेण, सरपण, शेळ्या, पोरांची क्रिकेटची पिच, सगळ्यावर जाऊन आली, सरपंच दोनदा म्हणाले मावशी आवरा. पण बायका तिच्या बाजूनं झाल्या. मेंढरामागं भाऊंचं वाचून दाखवलं तेव्हा मागच्या रांगेतले दोन म्हातारे म्हणाले की बुडातल्या गवताचं शंभर टक्के खरं आहे, आणि त्यानंतर वातावरणच बदललं.

ठरलं ते असं. सपाट माळावर जेसीबी जाणार नाही. चर फक्त वरच्या उताराला आणि माणसांकडून, तरवड चुकवून. झाडं ओढ्याकाठी आणि शाळेच्या कडेनं. गुलमोहर राहिला दोन-चार, फाटकाशी, त्यावर मी वाद घातला नाही. पोरांचा जो पुढारी आहे तो जरा नाराज आहे, त्याचे नकाशे वाया गेले म्हणतो, त्याला म्हटलं आता माळाचा नकाशा काढ, कुठं काय आहे त्याचा, भुंगेवाल्या साहेबांना बोलावतो. अजून हो म्हणाला नाही.

एकच लोंबकळतंय. ग्लिरिसिडियाची रोपं आधीच येऊन पडलीत शाळेच्या मागं, पिशव्यांत, पैसे देऊन झालेत. माळावर तर लावायची नाहीत, टाकून पण देववत नाहीत. कुणाला बांधाला हवी असतील तर न्या, टेम्पो तुमचा.

आटपाडी_डाळिंब
किती आहेत? हिरवळीच्या खताला मला चालतील, बांधावर एक ओळ करतो. तरवड नाही काढत, काळजी नको, त्याच्या पलीकडच्या अंगाला लावतो. शनिवारी येऊ का?

मुरमाड
या. म्हसवडवरून येत असाल तर निघताना फोन करा, रस्त्याचं काम चालू आहे, वळसा पडेल.